अब्बांचा नारळ आणि पांढरी माशी

आमच्या भिवापूरच्या घरामागे, अंगणात, नारळाचे एक झाड आहे. आमच्या मोठ्या मुलीच्या जन्माच्या वर्षी अब्बांनी ते लावले. विदर्भाच्या उन्हात नारळ कशाला लावता, असे तेव्हा बऱ्याच लोकांनी म्हटले. अब्बा काही बोलले नाहीत. त्यांनी वजूच्या ओट्याची नाली त्या झाडाच्या आळ्याकडे वळवली. पाच वेळच्या वजूचे पाणी मुळाशी जात राहिले आणि झाड वाढले. अब्बांच्या इंतकालला सहा वर्षे झाली, नाली अजून तशीच आहे.

हे झाड तोडून टाकावे, असे आम्हाला स्वतःलाच वाटण्याची वेळ गेल्या वर्षी आली. त्या निमित्ताने आमच्या हातून एक चूक झाली. ती सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहोत. दारात पामच्या कुंड्या आणि अंगणात एखादे नारळाचे झाड आता पुष्कळ घरी असते, आणि आमच्यासारखी चूक कोणाच्याही हातून सहज होईल अशी आहे.

सुरुवात एका शुभ प्रसंगाने झाली. भाचीच्या निकाहसाठी दारात शोभा हवी म्हणून आम्ही रोपवाटिकेतून अरेका पामच्या दोन मोठ्या कुंड्या आणल्या. हिरवीगार, झुपकेदार झाडे. पाहुण्यांनी फार कौतुक केले. समारंभ आटोपल्यावर कुंड्या मागच्या अंगणात नारळाच्या सावलीत ठेवल्या आणि आम्ही शाळेच्या कामात गुंतलो. पाने वरून हिरवी होती. ती उलटी करून पाहण्याचे कोणालाच सुचले नाही.

दोन-अडीच महिन्यांनी नारळाच्या खालच्या झावळ्यांवर पांढरी भुकटी दिसू लागली. धूळ असेल असे वाटले. मग ओट्यावर चिकट थेंब पडू लागले, चप्पल फरशीला चिकटू लागली, मुंग्यांच्या रांगा लागल्या. झावळी हलवली की पिठासारखे बारीक पांढरे किडे उडायचे आणि पुन्हा तिथेच बसायचे. काही दिवसांत ओल्या चिकट पानांवर काळा थर चढला. झाड चुलीजवळ ठेवल्यासारखे काजळून गेले.

इथवर हा आमच्या घरचा प्रश्न होता. पण झाडाच्या दोन झावळ्या शेजारच्या काकूंच्या गच्चीवर झुकतात.

भिवापूर म्हणजे मिरची, हे वाचकांना सांगायला नको. भौगोलिक मानांकन मिळालेली आमची मिरची दूरदूर जाते. हंगामात सातऱ्यांवर लाल गालिचे अंथरल्यासारखे दिसतात आणि साऱ्या गावाला ठसका लागतो. काकूंचे यजमान वारल्यापासून त्या गच्चीवर मिरची वाळवतात, कुटून घेतात आणि ओळखीच्या घरांना तिखट देतात. त्यावर त्यांचे घर चालते. दर वर्षी पहिल्या कुटाईचा एक डबा न मागता आमच्याकडे येतो, आणि ईदला शीरखुर्म्याचे पातेले त्यांच्याकडे जाते. अब्बांच्या काळापासूनचा हा रिवाज आहे.

एका सकाळी काकू ओंजळीत मिरच्या घेऊन दारात आल्या.

“सर, तुमच्या नारयाले काय झालं बापा? माह्या मिरच्या साऱ्या चिकट होऊन राहिल्या. पाहा, काळ्या पडून राहिल्या.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. म्हणूनच आम्हाला जास्त लाज वाटली. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी सुरक्षित नाही त्याच्या ईमानाविषयी पैगंबर (स.) यांनी काय म्हटले आहे, हे आम्ही मुलांना कितीदा शिकवले आहे. आता उपद्रव आमच्याच झाडाचा होता. “काकू, दोन दिवसांत बंदोबस्त करतो,” असे आम्ही बोलून गेलो.

या ‘दोन दिवसांत’मध्येच सगळी चूक होती.

संध्याकाळी दुकानातून औषध आणले. आम्ही दुकानदाराला किडीचे नावसुद्धा सांगू शकलो नाही. फक्त म्हणालो, “सगळ्यात जालीम असेल ते द्या.” एकावर भागणार नाही म्हणून दोन डबे घेतले आणि दोन्ही एकत्र करायचे ठरवले. हे कोणी सुचवले नव्हते, आमचीच अक्कल. डब्यावरची बारीक अक्षरातली सूचना वाचली नाही. मुलांना उतारा नीट वाचायला लावणे हा ज्यांचा रोजचा धंदा, त्यांनी हातातला कागद वाचला नाही.

फवारायला एक मुलगा बोलावला. आमचाच जुना विद्यार्थी. सातवीत मराठी आमच्याकडे शिकला, आता बॅटरीचा पंप घेऊन लोकांच्या शेतात मिरची, कापूस, सोयाबीन फवारतो. ऊन चढले होते, वारा सुटला होता. शेतातले पीक कमरेएवढे असते, औषध खाली पडते. इथे झाड डोक्यावर होते. त्याला शिडीवर चढून, मान वर करून, नळी आभाळाकडे धरावी लागली. जितके औषध पानाला लागले तितकेच त्याच्या चेहऱ्यावर, छातीवर उतरत होते. त्याने तोंडाला रुमाल बांधला होता. आम्ही खाली उभे राहून “अजून थोडं उजवीकडे, अजून वर” असे सांगत होतो.

काम झाल्यावर त्याला पैसे दिले, चहा दिला. त्याच कपड्यांत तो पुढच्या कामाला गेला.

मगरिबनंतर त्याचा भाऊ आला. मुलाला उलट्या होत होत्या, डोळ्यांतून पाणी थांबत नव्हते, हातपाय थरथरत होते. त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “कोणतं औषध होतं? डबा आणला का?” डबे आम्ही कचऱ्यात फेकले होते. रात्री टॉर्च घेऊन उकिरड्यातून ते शोधून काढले, तेव्हा त्यावरचा रंगीत तिकोन पहिल्यांदा नीट पाहिला. एकावर तो लाल होता. लाल म्हणजे सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. अक्षर न येणाऱ्यालाही कळावे म्हणून ती खूण असते. आम्हाला अक्षरही येत होते.

त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसलो असता यवतमाळ आठवत राहिले. २०१७ साली त्या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले होते. तेव्हा वर्तमानपत्र वाचून आम्ही शाळेत हळहळलो होतो, ‘मास्क नको का द्यायला’ असे म्हटले होते. मास्क कोणी द्यायचा, हा प्रश्न तेव्हा आमच्या दारापर्यंत आला नव्हता.

अल्लाहच्या कृपेने मुलगा वाचला. तीन दिवसांनी घरी आला. खर्च आम्ही केला, तो करायलाच हवा होता. त्याची आई म्हणाली, “सर, तुम्ही मुद्दाम थोडंच केलं.” हे शब्द ऐकणे फार जड गेले.

काकूंच्या गच्चीवरच्या मिरच्यांवरही औषध उडाले होते. त्या साऱ्या मिरच्या फेकाव्या लागल्या. आम्ही भरपाई दिली, काकूंनी ती मुकाट्याने घेतली. त्या वर्षी तिखटाचा डबा मात्र आला नाही. बेगमने ईदला शीरखुर्मा पाठवला, पातेले धुऊन परत आले. एरवी त्यात साखर किंवा गूळ असायचा. या वेळी ते रिकामे होते.

आणि माशी? ती आठ दिवस दिसली नाही. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा आली, आणि आधीपेक्षा जास्त आली.

तेव्हा मात्र आम्ही घाई केली नाही. कृषी खात्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थांना घरी बोलावले. त्यांनी आधी आमच्याकडून शाळेचे भिंग मागवून घेतले. एक झावळी कापून उलटी केली आणि म्हणाले, “सर, आता वाचा.”

पानाच्या पाठीवर पांढऱ्या मेणाची गोल गोल वळणे होती, बोटाने रांगोळीचे चक्र काढावे तशी. मादी गोल फिरत अंडी घालते आणि त्यावर मेणाचा थर सोडते. या वळणांवरूनच हिला चक्राकार पांढरी माशी म्हणतात. ही आपल्याकडची नाही, अमेरिका खंडातून आली. २००९ साली फ्लोरिडात तिचा उपद्रव नोंदला गेला, आणि भारतात २०१६ साली तमिळनाडूच्या पोल्लाची भागात ती नारळावर सापडली. पुढे केरळ, कर्नाटक, आंध्र, गोवा आणि आपले कोकण असा तिचा प्रवास झाला. ती फार लांब उडू शकत नाही. लांबचा प्रवास ती रोपांबरोबर, गाडीत बसून करते. हे ऐकताच आमची नजर अरेकाच्या कुंड्यांकडे गेली. त्यांची पाने उलटी केली. तिथेही तीच चक्रे होती.

पिले अंड्यातून निघाली की थोडे सरकतात आणि मग एका जागी चिकटून रस पीत बसतात. जास्तीचा गोड रस बाहेर टाकतात. तोच चिकट थेंब काकूंच्या मिरच्यांवर पडत होता. त्या गोड रसावर काळी बुरशी वाढते. बुरशी पान खात नाही, पण ऊन अडवते, म्हणून झाड अशक्त होते. आमचे सासरे काटोलकडचे संत्रावाले. त्यांनी पान पाहताच म्हटले, “अरे, ही तर कोळशी!” त्यांचे बरोबर होते. संत्र्यावरची कोळशी काळ्या माशीमुळे येते, आणि ती काळी माशी या पांढऱ्या माशीच्याच घराण्यातली आहे. विदर्भाने हा रोग पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे, आम्हीच ओळखला नाही.

मग त्या गृहस्थांनी भिंगाखाली आणखी एक गोष्ट दाखवली. पांढऱ्या पिलांमध्ये एखाद-दुसरे पिलू काळे पडले होते. एकावर सुईने टोचल्यासारखे गोल छिद्र होते. “हे तुमचे मित्र,” ते म्हणाले. एन्कार्सिया नावाची एक गांधीलमाशी असते. गांधीलमाशी म्हटले तरी ती मिलिमीटरएवढीही नसते, माणसाला चावत नाही. ती पांढऱ्या माशीच्या पिलात अंडे घालते. आतली अळी पिलाला खाऊन वाढते, पिलू काळे पडते आणि शेवटी नवी गांधीलमाशी गोल छिद्र पाडून बाहेर येते. पांढऱ्या माशीच्या मागोमाग ही माशीही आपोआप पोहोचते. दक्षिणेतल्या नारळबागांत माशी आटोक्यात येण्यात हिचाच मोठा वाटा आहे.

“तुमच्या जालीम औषधानं आधी ही मेली,” ते म्हणाले. “पांढरी माशी मेणाच्या पांघरुणाखाली, पानामागे लपलेली. जी वाचली तिला मग खाणारं कोणी उरलं नाही.”

२०१५ साली पंजाबात कापसावर दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या माशीने असाच हाहाकार केला होता. शेतकरी फवारणीमागून फवारणी करत राहिले आणि माशी आटोक्यात येईना. कासरगोडची केंद्रीय रोपवन पिके संशोधन संस्थाही या चक्राकार माशीसाठी रासायनिक औषधे टाळा आणि मित्रकीटक जपा असेच सांगते, हे त्यांच्याकडूनच कळले.

वाचक भगिनी-बंधूंनो, त्यानंतर आम्ही जे केले ते अगदी साधे आहे.

प्रथम दोन्ही कुंड्या नारळापासून दूर नेल्या. सर्वांत खालच्या, माशीने भरलेल्या दोन जुन्या झावळ्या कापल्या. पण त्या लगेच जाळल्या नाहीत. भिंगाने पाहून, काळी पिले असलेले तुकडे झाडाच्या बुंध्याशी बांधून ठेवले, म्हणजे मित्र बाहेर येऊन झाडावर जातील. बाकीचे पुरून टाकले. बऱ्याच झावळ्या एकदम कापू नयेत, नारळ अशक्त होतो.

दुसरे काम पाण्याचे. मोटारीच्या पाइपला बारीक तोंड लावून, बांबूला बांधून, पानांच्या पाठीवर जोराची धार मारायची. माशी आणि पिले पुष्कळशी धुऊन जातात. उन्हाळ्यात पाण्याची उधळपट्टी आम्हाला परवडणारी नव्हती, दीनमध्येही तिला जागा नाही. म्हणून आठवड्यातून एकदा, फक्त खालच्या झावळ्यांवर आणि तेही आळ्यात पाणी द्यायच्या दिवशीच धार मारली. वरून पडलेले पाणी मुळालाच गेले.

तिसरे, निंबोळी तेल. एका लिटर पाण्यात पाच मिली तेल आणि ते मिसळण्यापुरता थोडा साबण. आधी एका पानावर मारून दोन दिवस पाहिले, पान करपत नाही याची खात्री केली. मग संध्याकाळी ऊन उतरल्यावर, वारा नसताना, पानाच्या पाठीवर फवारले. दर पंधरा दिवसांनी, असे तीनदा. काकूंना आदल्या दिवशी सांगून त्यांची मिरची आत घेतलेली असेल तेव्हाच. निंबोळी तेल आहे म्हणून तोंड उघडे ठेवून फवारले नाही. मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा घातला, आणि नंतर आंघोळ केली.

चौथे, काळ्या थरासाठी भाताची पेज. पातळ गाळून पानांवर मारायची. ती वाळली की पापुद्रा सुटतो आणि त्याबरोबर कोळशीही निघून येते. बेगमला हा उपाय फार आवडला. “तेवढ्यासाठी दुकानात गेला होतात!” असे त्या अजून ऐकवतात.

पिवळे चिकट कागदही बुंध्याला लावले. माश्या त्याला चिकटतात आणि कमी झाल्या की वाढल्या ते कळते. पण त्यांना मित्रही चिकटतात, म्हणून थोडेच लावले आणि माशी कमी होताच काढले.

सर्वांत अवघड उपाय होता थांबण्याचा. माशीची एक पिढी पूर्ण व्हायला साधारण महिना लागतो, मित्रांना वाढायला त्याहून अधिक वेळ द्यावा लागतो. धाकटा मुलगा दर जुम्म्याला एक पाते कापून आणायचा आणि भिंगाखाली पांढरी किती, काळी किती मोजायचा. पहिल्या महिन्यात काळी बोटावर मोजण्याइतकी. आम्हाला राहवत नव्हते. दोनदा तरी वाटले, पुन्हा एकदा काहीतरी जोराचे मारून मोकळे व्हावे. तेव्हा दवाखान्याचा तो बाक आठवायचा. पावसाळा लागला, सरींनी पाने धुतली, माशी कमी झाली. दिवाळीच्या सुमारास एका पात्यावर पांढऱ्यापेक्षा काळी पिले जास्त निघाली, तेव्हा मुलगा ओरडतच घरात आला.

माशी पूर्ण गेलेली नाही. बहुधा जाणारही नाही. पण आता ओटा चिकट होत नाही, नव्या झावळ्या स्वच्छ हिरव्या निघाल्या आहेत. झाडावर थोडी माशी आणि तिला खाणारी थोडी गांधीलमाशी, असा हिशेब चालू आहे.

नवे रोप आणले की ते आता महिनाभर बाकीच्या झाडांपासून वेगळे ठेवतो आणि पाने उलटून पाहतो. फवारणीचे कोणतेही काम कोणालाही दिले तर डबा आधी स्वतः वाचतो, मास्क, चष्मा आणि हातमोजे आपल्या घरून देतो, आणि तो नको म्हणाला तरी घालायला लावतो. कधी विषबाधा झालीच तर कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि डबा घेऊन दवाखाना गाठावा, हे घरातल्या लहानांनाही शिकवले आहे.

तो मुलगा अजून फवारणीलाच जातो. त्याचे पोट त्यावर आहे. आम्ही घेऊन दिलेला मास्क तो घालतो. गरमीत जीव घाबरतो, असेही सांगतो. शाळेत एकदा त्याला बोलावले. सहावी-सातवीच्या मुलांपुढे, ज्यांचे वडील आणि भाऊ फवारायला जातात, त्याने तिकोनाचे चार रंग समजावून सांगितले. आम्ही मागच्या बाकावर बसून ऐकले.

कोणी झाड लावले आणि त्यातून माणूस, पाखरू, जनावर जे काही खाईल ते लावणाऱ्यासाठी सदका ठरते, अशी पैगंबर (स.) यांची शिकवण आहे. अब्बांनी त्या नियतीने झाड लावले होते. त्यांचा सदका दुसऱ्याच्या त्रासाचे कारण होऊ नये, हे सांभाळणे आमच्याकडे आले आहे. काकूंच्या गच्चीकडच्या बाजूला आम्ही हिरवी जाळी बांधली आहे, झावळीतून काही पडले तर जाळीवर पडेल.

या हंगामात काकूंनी त्याच गच्चीवर, त्याच झावळ्यांजवळ पुन्हा मिरची पसरली. आम्ही रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी मान वर करून झावळ्यांची पाठ पाहत होतो. काकूही आपल्या गच्चीवरून पाहत होत्या. बोलत नव्हत्या.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी दार वाजले. काकू डबा घेऊन उभ्या होत्या.

“पयली कुटाई हाय, सर. जपून टाका म्हणा, यंदा लय जहाल हाय.”

खरोखरच जहाल निघाले. रात्री जेवताना सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आले.